संस्थेचा इतिहास लिहायला बसलं की लेख संस्थापकाचंच चरित्र का होतो?

प्रश्न विचारणाऱ्या बाई डोंबिवलीला राहतात आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. एका दिवाळी अंकासाठी त्यांना टीआयएफआरवर, म्हणजे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेवर, तीनेक हजार शब्दांचा लेख हवा आहे. तीन मसुदे झाले, तिन्ही होमी भाभांच्या बालपणापासून सुरू झाले आणि माँ ब्लाँच्या विमान अपघातावर संपले. शेजारी एक काका आहेत, ते याच संस्थेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, पण त्यांना नेमकं काय विचारायचं ते बाईंना सुचत नाही.

नमस्कार. मी गेली सव्वीस वर्षं संस्थांचे इतिहास लिहितो आहे. स्मरणिका, गौरवग्रंथ, सुवर्णमहोत्सवी अंक. शाळा झाल्या, सहकारी बँका झाल्या, दोन प्रयोगशाळाही झाल्या. तुमची अडचण मला जवळजवळ प्रत्येक कामात आली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला माहिती कमी पडत नाहीये. संस्थापकाची माहिती आयती मिळते आणि बाकीच्यांची शोधावी लागते, एवढंच झालं आहे. शिवाय चरित्राला जन्म असतो, मृत्यू असतो, लिहिणाऱ्याला काठ सापडतो. संस्थेला तो नसतो. भाभा २४ जानेवारी १९६६ला गेले, आणि त्यांच्या जागी एम. जी. के. मेनन आले तेव्हा ते चाळिशीचेही नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रयोग चालूच होते. तुमचा लेख जिथे संपतो, तिथेच खरं तर संस्थेची परीक्षा सुरू होते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. संस्थेचं स्वतःचं आर्काइव्ह्ज आहे. तिथे बसायची परवानगी आणि दोन-तीन दिवस मिळाले तर लेख एका प्रकारचा होईल, नाही मिळाले तर छापील साहित्य आणि मुलाखती यांवर भागवावं लागेल. तसाही चांगला लेख होतो. संपादकांनी शब्दमर्यादा कडक ठेवली असेल तर पंचवीस माणसांची नावं घेण्यापेक्षा पाच माणसं नीट उभी करा. वाचक विज्ञानाचे नसतील तर एकही समीकरण नको, पण काय मोजलं आणि ते मोजणं अवघड का होतं, हे मात्र हवंच.

आता माझी पद्धत. प्रत्येक दशकाला मी दोन प्रश्न विचारतो: कोणाच्या हाती काय सोपवलं? आणि ते काम पुढे कुठे गेलं? या प्रश्नांची उत्तरं लिहीत गेलं की संस्थापक आपोआप योग्य जागी येतो. तो सोपवणारा माणूस म्हणून दिसू लागतो. भाभांच्या बाबतीत तर त्यांचं खरं मोठेपण तिथेच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पक्की योजना आखून मग माणसं भरायची, अशी त्यांची रीत नव्हती. चांगला माणूस शोधायचा आणि त्याच्याभोवती विभाग वाढू द्यायचा.

सुरुवात तुम्ही केंब्रिजपासून करू नका, पत्रापासून करा. १९३९मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले, युद्ध सुरू झालं आणि ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहिले. तिथून १२ मार्च १९४४ला त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा असा, की दोन-एक दशकांनी अणुऊर्जेपासून वीज बनू लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी बाहेर बघावं लागू नये, ते इथेच तयार असावेत. तारीख पुन्हा पाहा. तोवर हिरोशिमा झालेलं नव्हतं आणि देश स्वतंत्र झाला नव्हता. एवढ्या एका तारखेवर तुमचा पहिला परिच्छेद उभा राहतो. जून १९४५मध्ये बंगळूरला संस्थेचं काम सुरू झालं आणि डिसेंबरात ती मुंबईत आली.

मुंबईतला भाग पत्त्यांवरून लिहा. मुंबईकर वाचकाला पत्ता कळतो. आधी पेडर रोडवरचा ‘केनिलवर्थ’ बंगला, भाड्याच्या जागेत. १९४९पासून गेटवेजवळची यॉट क्लबची जुनी इमारत. मग कुलाब्याच्या टोकाला नेव्ही नगरात, समुद्राला लागून, आजची वास्तू. पंडित नेहरूंनी तिची कोनशिला १ जानेवारी १९५४ला बसवली आणि १५ जानेवारी १९६२ला उद्घाटनही त्यांनीच केलं. वास्तुविशारद शिकागोचे हेल्मुट बार्ट्श. आत गेल्यावर दर्शनी दालनात चित्रकार हुसेन यांचं ‘भारत भाग्यविधाता’ हे भलंमोठं भित्तिचित्र आहे. वासुदेव गायतोंडे, आरा, सूझा यांचीही चित्रं संस्थेच्या संग्रहात आहेत. त्या काळात या चित्रकारांची चित्रं विकत घेणारे फार थोडे होते. मात्र या चित्रांवर दोन परिच्छेदांहून जास्त खर्च करू नका. तो विषय इतका मोहक आहे की लेख तिकडेच वाहत जातो.

तुम्ही डोंबिवलीच्या, म्हणून एक पत्ता मुद्दाम सांगतो: कल्याण. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राचं, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या अभ्यासाचं, एक मूळ तुमच्या शेजारी आहे. १९६१मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय तरुणांनी इथल्या काही संस्थांना कळवलं, की आम्ही परत येऊन रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करू इच्छितो. जानेवारी १९६२मध्ये भाभांची तार गेली, की असा गट सुरू करायचं आम्ही ठरवलं आहे. चौघांपैकी गोविंद स्वरूप १९६३मध्ये आले. ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिलेल्या सहा-सहा फुटी तबकड्या दिल्लीत पडून होत्या. त्या आणून १९६५मध्ये कल्याणला ३२ तबकड्यांची दुर्बीण उभी केली आणि तिने सूर्याचा अभ्यास सुरू झाला.

पुढची पायरी उटी, १९७०. पाऊण लाख कल्पना एकीकडे आणि ही एक एकीकडे, इतकी ती मला आवडते. उटीचा अक्षांश साधारण ११ अंश आहे. स्वरूप यांनी उत्तर-दक्षिण असा डोंगरउतार शोधला, ज्याचा कलच ११ अंशांचा होता. त्यामुळे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला, आणि एकाच अक्षावर फिरवून ती तासन् तास एका ताऱ्याच्या मागे राहू शकते. अवघड यंत्रणेचं निम्मं काम डोंगराने केलं. त्यानंतर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, चौदा मधल्या भागात आणि सोळा तीन भुजांवर दूरवर. कल्याण, उटी, खोडद. या एका रेषेवर तुम्ही अख्खा लेख लिहिलात तरी मी म्हणेन, छान झाला.

आता माणसांबद्दल. मराठी वाचकासाठी लिहिताना दामोदर धर्मानंद कोसंबी सुटता कामा नयेत, आणि या जागी तुम्हाला सर्वांत जास्त सांभाळून लिहावं लागेल. पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे चिरंजीव. भाभांनी त्यांना संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या काळात गणितासाठी बोलावलं. ते पुण्यात राहत आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत. त्यांच्या आवडीनिवडींची यादीच बघा. आनुवंशशास्त्रात जनुकांमधली अंतरं काढायचं त्यांचं १९४४चं सूत्र आजही ‘कोसंबी फलन’ म्हणून वापरतात. प्राचीन नाणी तोलून, त्यांच्या झिजेवरून ती किती काळ चलनात होती याचा ते संख्याशास्त्राने माग काढत. १९४८मध्ये त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली, आणि १९५६मध्ये भारतीय इतिहासाकडे बघायची रीतच बदलणारा ग्रंथ लिहिला. हे सगळं करणारा माणूस पगारी गणिताचा प्राध्यापक होता.

आणि मग बिनसलं. अणुऊर्जेपेक्षा भारताने सौरऊर्जेकडे वळावं, असं कोसंबी जाहीरपणे म्हणत, आणि ज्या संस्थेत ते होते तिचा संचालकच देशाच्या अणुकार्यक्रमाचा प्रमुख होता. १९५९मध्ये त्यांनी रीमान गृहीतकाच्या, म्हणजे मूळ संख्यांशी निगडित एका प्रसिद्ध, न सुटलेल्या प्रश्नाच्या, सिद्धतेचा दावा असलेला लेख कृषी-संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला. गणितज्ञांनी ती सिद्धता मानली नाही. १९६२मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

हे लिहिताना दोन मोह होतात. एक, कोसंबींना हुतात्मा करायचा. दुसरा, रीमानच्या दाव्यावर बोट ठेवून विषय मिटवायचा. माझ्या अनुभवात, संस्थेतून बाहेर पडलेल्या मोठ्या माणसाबद्दल ज्याला विचाराल तो त्याच्या बाजूने पूर्ण गोष्ट सांगतो, आणि दोन्ही गोष्टी आतून सुसंगत असतात. तेव्हा मी घटना तारखेनिशी मांडतो आणि त्याच वेळी संस्थेत शेजारी काय घडत होतं ते लिहितो.

कोसंबींच्या शेजारी फार मोठं काहीतरी घडत होतं. १९४९मध्ये के. चंद्रशेखरन प्रिन्स्टनहून आले आणि त्यांनी गणिताची शाळा, म्हणजे तरुण संशोधकांचा गट, घडवायला घेतली. पुढे के. जी. रामनाथन त्यांच्या जोडीला होते. त्यांची एक पद्धत मला शिक्षक म्हणून तुमच्यासमोर ठेवावीशी वाटते. कार्ल लुडविग सीगेल, लोराँ श्वार्त्झ यांच्यासारखे गणितज्ञ मुंबईत येऊन व्याख्यानमाला देत. त्यांची टिपणं काढायचं काम कोवळ्या विद्यार्थ्यांवर असे. टिपणं म्हणजे ऐकलं ते उतरवणं नव्हे. व्याख्यात्याने ‘हे उघड आहे’ म्हणून ओलांडलेली पायरी विद्यार्थ्याने स्वतः भरून काढायची, मग ते पुस्तकरूपाने छापायचं. टाटा इन्स्टिट्यूटच्या या टिपणवह्या जगभरच्या गणित ग्रंथालयांत पोचल्या. विशी-बाविशीतल्या मुलाच्या हाती सीगेलची व्याख्यानं सोपवणं, हे धाडस आहे. १९५३मध्ये आलेले एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री याच वातावरणात घडले, पॅरिसला जाऊन आले, आणि १९६५मध्ये त्यांनी जो प्रमेय सिद्ध केला तो आज त्या दोघांच्या नावानेच ओळखला जातो. त्याच वर्षी चंद्रशेखरन झुरिकला गेले. शाळा चालूच राहिली.

म्हणजे एकाच मजल्यावर, एकाच संचालकाखाली, एक एकटा ज्ञानयोगी आणि एक शिस्तीची शाळा होती. माझं मत असं, की संस्थेला शाळा परवडते आणि समाजाला कोसंबीही लागतात. दोघांना एका छताखाली धरून ठेवणं भाभांनाही जमलं नाही. हे तुमच्या लेखात आलं, तर तो स्तुतिलेख राहणार नाही आणि कुणावर अन्यायही होणार नाही. भाभा जानेवारी १९६६मध्ये गेले, कोसंबी त्याच वर्षीच्या जूनमध्ये.

प्रयोगाचा एकच प्रसंग घ्यायचा असेल तर कोलारच्या सोन्याच्या खाणींचा घ्या. विश्वकिरणांतले, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांतले, म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण जमिनीखाली किती खोल पोचतात, हे बी. व्ही. श्रीकांतन यांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे मोजायला घेतलं. पुढे उपकरणं इतक्या खोल नेली की सुमारे दोन महिने एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. दोन महिन्यांची पाटी कोरी. दुसऱ्या कुणी प्रयोग गुंडाळला असता. यांनी ओळखलं की इतकी शांत जागा मिळाली आहे, तर आता इथे न्यूट्रिनोंची, म्हणजे जवळजवळ सगळ्यातून आरपार जाणाऱ्या कणांची, चाहूल लागू शकेल. ओसाका आणि डरहॅम विद्यापीठांच्या गटांना सोबत घेऊन, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, १९६५मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा त्यांना सापडल्या. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतल्या गटालाही त्या मिळाल्या. विद्यार्थ्यांना उपकरणाचं ‘शून्य वाचन’ हेही वाचन असतं हे समजावताना तुम्हाला हा प्रसंग वर्गातही कामाला येईल. याच कामाच्या ओघात बिभा चौधुरींचं नाव लिहा. भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांच्या मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत काम करून आलेल्या या बाई १९४९मध्ये संस्थेत रुजू झाल्या. संस्थेतल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक, आणि तरी बहुतेक लेखांत त्यांच्यावर एक ओळही नसते.

संगणकाचं थोडक्यात. टिफ्रॅक, संस्थेने स्वतः बांधलेला संगणक. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली अशा तरुण मंडळींनी तो बांधला, ज्यांतल्या बहुतेकांनी आधी संगणक पाहिलाही नव्हता. प्रायोगिक यंत्र १९५६मध्ये चाललं, पूर्ण यंत्र १९६०मध्ये, आणि नाव १९६२मध्ये नेहरूंनी दिलं. १९६४मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा विकत घेतलेला मोठा संगणक आला आणि टिफ्रॅकचं काम संपत आलं. ते यंत्र म्हातारं झालं तोवर माणसं तयार झाली होती.

आता दुसरा प्रश्न, काम पुढे कुठे गेलं. इथे ही संस्था इतरांहून वेगळी दिसते. मी पाहिलेल्या बहुतेक संस्था मोठं झालेलं काम मुठीत धरून ठेवतात. इथून कामं बाहेर पडत गेली. १९५४मध्ये तुर्भ्याला अणुऊर्जा प्रतिष्ठान सुरू झालं, ज्याचं पुढे भाभा अणुसंशोधन केंद्र झालं. तिकडची सुरुवातीची माणसं इथलीच होती, आणि ४ ऑगस्ट १९५६ला सुरू झालेल्या अप्सरा अणुभट्टीची नियंत्रणयंत्रणा ए. एस. राव यांच्या इलेक्ट्रॉनिक्स गटाने घडवली. ओबेद सिद्दिकी १९६२मध्ये रेणवीय जीवशास्त्र घेऊन आले. भौतिकशास्त्रज्ञांच्या घरात माश्यांच्या बाटल्या आल्या, आणि त्या फळमाश्यांवरच्या कामातून चेतासंस्थेचा अभ्यास उभा राहिला. नव्वदच्या दशकात त्याचं बंगळूरला स्वतंत्र केंद्र झालं. रेडिओ खगोलशास्त्र पुण्याला गेलं. जयंत नारळीकर १९७२मध्ये केंब्रिजहून इथे आले, सतरा वर्षं राहिले आणि पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारायला गेले. आणि मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, १९७४चं. व्ही. जी. कुलकर्णींनी ते उभं केलं. त्यांच्या गटाने खानदेशातल्या खिरोद्याच्या शाळांपासून महापालिकेच्या शाळांपर्यंत काम केलं, आणि पाठ्यपुस्तकाची अवघड मराठी हीच मुलांची मोठी अडचण आहे, या मुद्द्याला हात घातला. तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा या केंद्राला चांगल्या चारशे शब्दांची जागा द्या. डोंबिवलीहून कुर्ल्याला बदलून हार्बरने मानखुर्द, अर्ध्या दिवसात जाऊन याल.

थोडक्यात तुमचा आराखडा असा: १९४४चं पत्र, मुंबईतले तीन पत्ते, त्यात कल्याणची रेषा, कोसंबी आणि चंद्रशेखरन समोरासमोर, कोलारची कोरी पाटी, आणि मग बाहेर पडलेली कामं. भाभा यात प्रत्येक पानावर असतील, पण दारात उभे असतील.

राहिले तुमचे शेजारचे काका. एका प्रयोगशाळेच्या स्मरणिकेत मी फक्त संचालकांच्या कारकिर्दी लिहिल्या होत्या. प्रकाशनानंतर तिथले निवृत्त ग्लास ब्लोअर, म्हणजे काच फुंकून उपकरणं घडवणारे कारागीर, माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, यातलं एक तरी उपकरण कुणी हाताने केलं होतं, असं कुठे लिहिलंय का?” मी पुस्तक पुन्हा चाळलं. नव्हतं लिहिलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण ते गृहस्थ वर्षभरात गेले आणि त्यांच्याकडची माहिती कायमची गेली.

तेव्हा काकांना ‘भाभा कसे होते’ हे विचारू नका. त्यांनी पाहिलेले असतील किंवा नसतील, उत्तर ऐकीवच येईल. विचारा, तुमच्याकडे ड्रॉइंग कोण घेऊन यायचं? शास्त्रज्ञ स्वतः यायचे की चिठ्ठी पाठवायचे? एखादा भाग पहिल्या खेपेला बसला नाही तर काय व्हायचं, कोण कोणाच्या टेबलाशी जायचं? परदेशी सुटा भाग मिळेना म्हणून इथेच लेथवर काय काय केलंत? जेवायला कुठे बसायचात, आणि कोणासोबत? फिटर आणि प्रोफेसर यांच्यातलं अंतर या प्रश्नांच्या उत्तरांत कळतं, आणि ‘सोपवणं’ खालपर्यंत झिरपलं होतं की वरच थांबलं, हेही तिथेच कळेल. जे सांगतील ते आर्काइव्ह्जमधल्या किंवा छापील तारखांशी ताडून पाहा. वर्ष चुकेल, पण प्रसंग सहसा चुकत नाही.

पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नका, नुसता चहा घ्या. दुसऱ्या भेटीत जुने फोटो बघायला मागा. निरोपसमारंभाचे, सहलीचे, उपकरणासमोर उभं राहून काढलेले. बऱ्याच फोटोंच्या मागे कुणीतरी पेनाने नावं लिहून ठेवलेली असतात. फोटो स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करा. आणि ज्यांच्या मागे काही लिहिलेलं नसेल, त्यांतल्या प्रत्येक चेहऱ्याचं नाव काकांना आठवतंय तोवर त्यांच्याशेजारी बसून लिहून घ्या. डावीकडून उजवीकडे, मागची रांग आधी.